वॉटरप्रूफ म्हणे!

मागच्या जुलैत आम्ही सहा जण दोन टेंट घेऊन खिंडसीजवळ एका ओळखीच्यांच्या शेतात मुक्कामाला गेलो होतो. टेंट भाड्याचे. देणारा म्हणाला होता, "वॉटरप्रूफ आहे, टेन्शन नका घेऊ." साडेअकराला पाऊस आला, साडेबाराला पाठीखाली पाणी आलं आणि दीड वाजता आमच्यातला एक जण ओल्या टी-शर्टात चावी शोधत म्हणाला, "चल बे, निघू. घरी जाऊन झोपू." बाकीचेही उठले. मीही उठले. चावी चिखलात कुठं तरी पडली होती, ती सकाळीच सापडली. त्या रात्री आम्ही बाईक काढल्या नाहीत त्याचं एवढंच कारण.

टेंट गळला तर माणूस मरत नाही. पण टेंट गळला म्हणून भिजलेले, झोपाळलेले सहा जण अंधारात पावसाच्या रस्त्यावर निघाले तर काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको. खिंडसी तर पन्नासेक किलोमीटरवर आहे. तेच चिखलदऱ्याला झालं असतं तर खाली परतवाड्यापर्यंत अख्खा घाट. म्हणून पावसाळी ट्रिपमध्ये टेंटचं छत ही हौसेची नाही, सुरक्षेची गोष्ट मानली पाहिजे. आणि आपण नेमकी तीच कुणाच्या तरी शब्दावर सोडतो.

नंतर कळलं, टेंटमध्ये फारसा दोष नव्हताच. चूक आमची होती. टेंटखाली आम्ही मोठी ताडपत्री अंथरली होती, चारही बाजूंनी हातभर बाहेर. छान वाटलं होतं तेव्हा! वरून ओघळलेलं सगळं पाणी त्या बाहेरच्या काठावर पडलं आणि सरळ आमच्या पाठीखाली जमा झालं. खालची ताडपत्री टेंटपेक्षा लहानच हवी, काठ आत दुमडून. वरच्या रेनफ्लायच्या दोऱ्या आम्ही 'चालते' म्हणून ढिल्या ठेवल्या होत्या. फ्लाय आणि आतला कपडा यांच्यात हवेची फट असते, तीच खरी राखण करते. दोन्ही चिकटले की पाणी आत झिरपतं. नायलॉन तर ओलं झालं की सैल पडतं, म्हणून संध्याकाळी कितीही ताणलं तरी पाऊस सुरू झाल्यावर एकदा बाहेर निघून दोऱ्या पुन्हा ओढाव्याच लागतात. कंटाळा येतो, मान्य.

त्यात आपली काळी माती. कोरडी असताना खुंटी अशी घट्ट बसते की वाटतं आता निघतच नाही. भिजली की लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. लांब खुंट्या घ्या, टेंटपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोका, वर दगड ठेवा. आणि त्याआधी जागा बघा. पालात राहणारी माणसं पाल टाकण्याआधी उतार बघतात; आपण आधी फोटोचा बॅकग्राऊंड बघतो.

आणखी एक गंमत. दुसरा टेंट अजिबात गळत नव्हता, तरी त्यातल्या तिघांच्या चादरी ओल्या होत्या. पावसाला घाबरून त्यांनी सगळ्या जाळ्या बंद केल्या होत्या. त्यांचाच श्वास थंड कापडावर साचून खाली टपकत होता. फ्लायखालच्या खिडक्या उघड्याच ठेवायच्या.

लेबलवर 2000 मिमी लिहिलेलं असतं, म्हणजे ते कापड दोन मीटर उंच पाण्याचा दाब सहन करतं. शिवणीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. आणि विजेपासून तर कोणताच टेंट वाचवत नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत जा.

कॉलेजच्या ट्रिपच्या फॉर्मवर पालकांची सही लागते, आधारची झेरॉक्स लागते, ब्लड ग्रुपसुद्धा लागतो. टेंट कोणी तपासला, हा रकाना नाही. तो असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासायला एक्स्पर्ट लागत नाही. निघायच्या दोन दिवस आधी गच्चीवर टेंट उभा करायचा, दोऱ्या विटांना बांधायच्या, कूलर भरायचा पाईप वरून वीस मिनिटं सोडायचा आणि एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं. भाड्यानं देणारा 'उघडून दाखवत नाही' म्हणाला तर दुसरीकडे जायचं. आणि टेंट फसलाच तर रात्र कुठं काढायची, ती पडवी, तो सभामंडप उजेडातच विचारून ठेवायचा. बाईकच्या सगळ्या चाव्या एकाच शहाण्या माणसाकडे. आमच्या ग्रुपमध्ये तो शोधणं हेच मोठं काम आहे.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. गच्ची माझीच आहे, पाईपही. मागच्या वेळचं डिपॉझिट मात्र पूर्ण परत आलं नाही. दोनशे रुपये कापले, टेंट ओला आणला म्हणून.