तयार गृहपाठ, पण पैसे कोणाचे?

अमेरिकेतील महाविद्यालयांत गणिताचा गृहपाठ वहीतून संगणकाच्या पडद्यावर गेला, त्याचे मूळ कारण साधे आहे. पहिल्या वर्षाच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वह्या दर आठवड्याला तपासणे प्राध्यापकाला अशक्य असते. यावर उपाय म्हणून रॉचेस्टर विद्यापीठातील मायकेल गेज आणि आर्नल्ड पायझर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘वेबवर्क’ ही मुक्त प्रणाली उभी केली. प्रत्येक विद्यार्थ्याला उदाहरण तेच, पण आकडे निराळे मिळतात. उत्तर चुकल्यास तत्क्षणी कळते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. २क्ष + २ लिहा वा २(क्ष + १), दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली जातात; कारण प्रणाली क्षला निरनिराळ्या किमती देऊन पडताळा घेते.

वेबवर्कच्या सामायिक भांडारात आज ३५ हजारांहून अधिक उदाहरणे आहेत. मात्र एवढ्या ढिगातून नेमकी वीस निवडणे हेही कष्टाचेच काम. म्हणून नमुना अभ्यासक्रम आले. त्यांत प्रकरणवार उदाहरणसंच तयार असतात. शिक्षकाने प्रत काढावी आणि आपल्या वर्गाला साजेसे फेरफार करावेत. वॉशिंग्टन राज्यातील पिअर्स महाविद्यालयाचे डेव्हिड लिपमन यांनी उभारलेल्या ‘मायओपनमॅथ’वर असे अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना विनाशुल्क मिळतात.

दुसरीकडे, हीच सोय प्रकाशकही देतात. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात १९९७ मध्ये सुरू झालेली ‘वेबअसाइन’ २०१६ मध्ये सेंगेज कंपनीकडे गेली. पिअर्सनची ‘मायलॅब मॅथ’ही याच बाजारात आहे. तेथे प्रवेशासाठी विद्यार्थ्याला संकेतांक विकत घ्यावा लागतो. जुने पुस्तक मित्राकडून घेता येते, ग्रंथालयातून आणता येते. एकदा वापरलेला संकेतांक दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. गृहपाठाला गुण असतील, तर पैसे भरल्याशिवाय ते गुण मिळण्याचा मार्गच उरत नाही. निवड शिक्षकाची आणि भुर्दंड विद्यार्थ्याला, अशी ही व्यवस्था आहे.

मुक्त प्रणालीही अगदी फुकट नसते, हे खरे. सर्व्हर कोणीतरी चालवावा लागतो आणि सदोष उदाहरण कोणीतरी दुरुस्त करावे लागते. पण तो खर्च संस्थेने उचलणे अधिक न्याय्य आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ अवतरल्यापासून आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. आकडे बदलल्याने शेजाऱ्याची नक्कल थांबते. यंत्राकडून उत्तर मागवणे थांबत नाही. अचूक उत्तर हा आता आकलनाचा पुरावा राहिलेला नाही. तेव्हा अशा गृहपाठाचे गुण मर्यादित ठेवून तो सरावापुरता वापरावा आणि आठवड्यातून निदान एक उदाहरण वर्गात, कागदावर, पायऱ्यांसह सोडवून घ्यावे, हेच शहाणपणाचे. नमुना अभ्यासक्रमामुळे शिक्षकाचे जे तास वाचतात, ते या तपासणीकडे वळले तरच विद्यार्थ्याचा लाभ होईल.