चार आण्यांची कोंबडी



गणपतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाचा स्वतःचा ट्रक असावा, ही मागणी आता जुनी झाली. दर वर्षी कुणाची तरी पिकअप मागायची, मखर दोन खेपांत आणायचे आणि पावसाची सर आली की मूर्तीवर कुणाचा तरी रेनकोट धरायचा! त्यातच गेल्या महिन्यात एका सभासदांच्या मुलाचा फोन आला. तो हवाईतील ओआहू बेटावर सैन्यात आहे. तिथे लष्कराचे जुने ट्रक लिलावात निघतात, वापरलेल्या कोरोलापेक्षाही स्वस्तात मिळतील, मंडळासाठी घेऊ का, असे त्याने विचारले. कार्यकारिणीत निम्मे म्हणाले, "घ्या." उरलेल्यांनी खर्च विचारला. पैसे इमारत निधीतून जायचे आहेत, म्हणून या वेळी या सदरात तो हिशेबच मांडत आहोत.

प्रथम ट्रकविषयी. हा एम-३५, म्हणजे अडीच टनी, सहाही चाके ओढणारा. इकडे त्याला लाडाने 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. अडीच टन हे रस्ता सोडून चालतानाचे ओझे. पक्क्या रस्त्यावर तो त्याच्या दुप्पट वाहतो. त्याचे मल्टिफ्युएल इंजिन डिझेल, रॉकेल, जेटचे इंधन, घर तापवायचे तेल, सगळे पचवते. केमिस्टला मोह पडावा असेच हे यंत्र आहे, हे मान्य!

लष्कराला नको असलेला माल विकण्याचे काम संरक्षण खात्याची डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस ही शाखा पाहते. तिचे मुख्य कार्यालय आपल्या शेजारच्या मिशिगनमध्ये, बॅटल क्रीक येथे आहे. त्या इमारतीला हार्ट, डोल आणि इनोए या तीन सिनेटरांची नावे दिली आहेत. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले हे तिघेही त्याच वास्तूतल्या लष्करी रुग्णालयात उपचार घेत होते. त्यातले इनोए हवाईचेच. लिलावाची मुख्य अट एकच: माल जसा आहे आणि जिथे आहे तसा उचलायचा. यातला 'जिथे' हा शब्द आपल्या खिशाशी संबंधित आहे.

होनोलुलूपासून कॅलिफोर्नियाचा किनारा सुमारे २,४०० मैल. मधे फक्त पाणी. १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेच्या दोन बंदरांमधला माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकन मालकीच्या आणि अमेरिकन खलाशांच्या जहाजातूनच न्यावा लागतो. त्यामुळे या मार्गावर मॅटसन आणि पाशा अशी मोजकीच नावे आहेत. स्पर्धा कमी, म्हणजे घासाघीसही कमी.

बरे, ट्रक कंटेनरमध्ये घालावा, तर नेहमीच्या कंटेनरचे दार ७ फूट ८ इंच रुंद आणि ट्रक ८ फूट. चार इंचांनी गाडे अडते. मग उघड्या फ्लॅट रॅकवर बांधायचा किंवा गाड्या चालवत आत नेतात त्या रो-रो जहाजात चढवायचा. मोठ्या वाहनाचे भाडे आकारमानावर जाते. २२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ताडपत्रीसह सव्वानऊ फूट उंच, म्हणजे १,६०० घनफुटांच्या वर. ताडपत्री व कमानी काढून, काच पाडून उंची सात फुटांवर आणली, तर साधारण १,२०० घनफूट. तरीही ही जागा एका मध्यम मोटारीच्या अडीचपट आहे.

जहाजावर चढवताना टाकीत पावापेक्षा जास्त इंधन चालत नाही आणि गाडीत सामान भरता येत नाही. शिवाय चाके, चेसिस, मडगार्ड स्वच्छ धुतलेले हवेत, कारण हवाईची माती मुख्य भूमीवर आणायला बंदी आहे. मातीबरोबर किडे, मुंग्या आणि वनस्पतींचे रोग येतात.

कॅलिफोर्नियात उतरल्यावर शॉमबर्ग आणखी २,००० मैल. या ट्रकचा जास्तीत जास्त वेग ताशी ५५ मैलांच्या आसपास. रोज आठ तास चालवला तरी पाच-सहा दिवस, मधे रॉकी पर्वत, गॅलनला आठ-दहा मैल. नाहीतर ट्रेलरचे भाडे.

कागदपत्रांत एसएफ-९७ हा सरकारी दाखला लागतो. त्याशिवाय टायटल नाही. इलिनॉयमध्ये साध्या क्लास डी परवान्यावर १६,००० पौंडांपर्यंतचेच वाहन चालवता येते. हा ट्रक रिकामाच १३,००० पौंडांचा, आणि नियम ओझ्यासकट ठरवलेल्या वजनाचा आहे. म्हणजे चालवणाऱ्याला वेगळा परवाना काढावा लागणार.

आता आमच्या विषयाकडे येऊ. समुद्राच्या हवेतले क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही. गंज आत, सांध्यांत धरतो आणि वरच्या रंगाखाली दिसत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात तेही मीठच. त्यात एम-३५ए२ या जातीचे हायड्रॉलिक ब्रेक एकाच सर्किटचे असतात. एक नळी गंजून फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. शिवाय लष्कर त्यात सिलिकोनचे ब्रेक ऑइल घालते. ते दुकानातल्या नेहमीच्या ग्लायकोलच्या तेलात मिसळत नाही. माहीत नसलेल्या माणसाने वरून ओतले तर घोटाळा ठरलेला. या ट्रकवर आपण मूर्तीच्या शेजारी बालवाडीतली वीस मुले बसवणार आहोत, हे विसरू नये.

बेटावरचा लष्करी माल का पडून राहतो, याचे मोठे उदाहरण पॅसिफिकमध्येच आहे. महायुद्ध संपल्यावर एस्पिरितु सांतो बेटावर (आजचे वानुआतू) अमेरिकेचे ट्रक, जीप, बुलडोझर उरले. परत आणणे परवडेना, तिथल्या ब्रिटिश-फ्रेंच राज्यकर्त्यांशी सौदा जमेना. शेवटी सगळे समुद्रात ढकलले. त्या जागेला आजही मिलियन डॉलर पॉइंट म्हणतात.

आणि आपली विक्रांत? १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी राहिली. १९७१ च्या युद्धातली ती नौका जपावी असे कुणाला वाटत नव्हते? पण देखभालीचा भार कुणी उचलेना आणि २०१४ मध्ये ती भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे बजाजच्या मोटरसायकलीत आला, एवढेच समाधान. वस्तू मिळवणे सोपे असते, ती सांभाळायला दर वर्षी पैसा आणि माणसे लागतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. हा ट्रक हवाईहून आणू नये. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशातली ही गोष्ट आहे. आणि इथे मसाला इमारत निधीतून जाणार. शिवाय एम-३५ आपल्या दारचाच आहे. इंडियानातल्या साउथ बेंडच्या कारखान्यातही ते बनत असत. ज्यांना हौस आहे त्यांनी इथेच मिडवेस्टमध्ये शोधावा, गाडीखाली आडवे होऊन ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात आणि मगच बोलावे. मिरवणुकीसाठी मात्र यंदा विम्यासह, चालकासह एक दिवसाचा फ्लॅटबेड भाड्याने घ्यावा. पुढल्या वर्षी तो ठेवायचा कुठे, हा प्रश्नच उरत नाही.

त्या मुलाला मंडळातर्फे आभाराचे पत्र गेले आहे. इतक्या लांबून त्याला आपल्या गणपतीची आठवण झाली, याचे मोल लिलावात ठरत नाही.

निर्णय अर्थातच सर्वसाधारण सभेचा. वेगळे मत असेल तर आकडे घेऊन या, चहा मंडळाचा!