विमानात १६ तास, बैठक मात्र २७ तासांची

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. अंतर तेच असले तरी वेळ बदलतो. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणून परतीपेक्षा जायला जास्त वेळ लागतो. त्यात २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या अनेक विमानांना वळसा पडला. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागच्या कारणांत हा वळसाही होता. चर्चा झाली ती इंधनाची आणि भाड्याची. प्रवाशाच्या पायांचा हिशेब राहून गेला.

तो मुंबईपासून मांडून चालणार नाही. डोंगरकड्याहून मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले साठीतले आईवडील घ्या. नांदेडपर्यंत तासभर, तिथून वंदे भारतने ६१० किलोमीटरला साडेनऊ तास, पुढे विमानाचे १६. म्हणजे नुसत्या बसण्याचेच जवळजवळ २७ तास झाले.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास पाय दुमडून बसले की रक्त साचते आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो वा बस. प्रवास जितका लांब आणि लागोपाठ, तितका धोका वाढतो. तरी निरोगी माणसात तो साधारण ६,००० प्रवाशांत एकाला, एवढाच आहे. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, अतिस्थूल व्यक्ती आणि संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांनी मात्र तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शक्य असल्यास मुंबईत एक रात्र मुक्काम करावा. विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असल्याने तो दिवस लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्या मात्रा आधीच लिहून घ्याव्यात.

धोका प्रवासानंतर सुमारे चार आठवडे राहतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर प्रवासाचा शीण म्हणून तेल लावून चोळत बसू नये. डॉक्टरांना प्रवासाची माहिती देऊन डॉपलर सोनोग्राफीबद्दल विचारावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर त्याच क्षणी अमेरिकेत ९११ ला, भारतात १०८ ला फोन करावा.