रतीब अन्नाचा, रतीब आपुलकीचा

दसरा उलटला की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत परदेशी धाडायच्या फराळाची लगबग सुरू होते. चकली प्रवासात मोडू नये, करंजीला वास लागू नये, म्हणून घरातली माउली केवढी खटपट करते! गेली कित्येक वर्षे ही पेटी एकाच दिशेने जात आली आहे, आईकडून मुलाकडे. अलीकडे मात्र दुसरी एक पेटी उलट दिशेने येऊ लागली आहे. अमेरिकेतला, बेंगळुरूतला किंवा अगदी हिंजवडीतला मुलगा मोबाईलवर वर्षाचे पैसे एकदम भरतो आणि दर महिन्याला ‘आरोग्यदायी’ खाद्यपदार्थांची देखणी पेटी आई-वडिलांच्या दारात येते. ओट्स, सुका मेवा, नाना प्रकारच्या बिया, सूपची भुकटी, साखरमुक्त बिस्किटे असे काय काय तिच्यात असते. आईच्या पंचाहत्तरीला शाल आणि पेढे देण्यापेक्षा हे बरे, असा विचार आज अनेक घरांत होतो. त्या विचारामागची माया खरी आहे. म्हणूनच ती योग्य ठिकाणी पोहोचते की नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ठरावीक वेळेला ठरावीक वस्तू घरपोच येणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. तिला आपल्याकडे ‘रतीब’ असा नेमका शब्द आहे. दुधाचा रतीब घालणारा गवळी महिन्याच्या हिशोबाने पैसे घेई. पण घरात बाळंतीण आली की अर्धा शेर वाढवावा आणि आजोबा आजारी पडले की गाईचे दूध वेगळे काढून ठेवावे, हे त्याला सांगावे लागत नसे. रतिबात वस्तू होती, तशी ओळखही होती. आजच्या पेटीत वस्तू पुष्कळ आहेत. ओळख मात्र पाठवणाऱ्याने स्वतः घालावी लागते. ती घातली नाही तर काय होते, याचे एक उदाहरण लोणावळ्याचेच आहे.

तुंगार्लीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा परदेशी. त्याने मोठ्या हौसेने आईसाठी अशी पेटी सुरू केली. दर रविवारी फोनवर तो विचारी, “आई, पेटी मिळाली का? खातेस ना?” आणि आई म्हणे, “हो रे बाळा, छान आहे सगळे.” चौथ्या महिन्यात ओळखीच्या एक कार्यकर्त्या भगिनी हळदीकुंकवाचे बोलावणे करायला गेल्या, तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर तीन पेट्या न उघडलेल्या दिसल्या. बाईंची कवळी सैल झाली होती. अख्खे बदाम, भोपळ्याच्या बिया, कडक ‘बार’ यांतले काहीही त्यांना चावत नव्हते. पोळीही सुटली होती. चहात बुडवलेल्या टोस्टवर दिवस निघत होता आणि वजन उतरले होते. मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. पेटी पोहोचल्याचा संदेश त्याच्या मोबाईलवर नियमित येत होता, त्यामुळे आईचे व्यवस्थित चालले आहे अशी त्याची समजूत झाली होती. ज्या भेटीने आईची खबर कळायची, त्याच भेटीने ती झाकली गेली होती.

दोष मुलाच्या मायेचा नव्हता, निवडीचा होता. मग निवड कशी करावी? त्याचे उत्तर शोधायला लोणावळ्याबाहेर जाण्याची गरज नाही. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचे मोठे काम आरंभले. याच संस्थेने पुढे ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात मिताहाराचे जे लक्षण आहे, त्याचा आशय असा की अन्न स्निग्ध व मधुर असावे, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून ते घ्यावे आणि ते ईश्वराच्या प्रीतीसाठी सेवन करावे. म्हणजे प्रकृतीला मानवणारे अन्न, त्याचे प्रमाण आणि त्यामागचा भाव. वृद्ध आई-वडिलांसाठी काही निवडताना याच तीन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी मानवण्याची. लोणावळ्याची चिक्कीच पाहा. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेसाठी राबणाऱ्या कष्टकऱ्यांना ताकद देणारी गुडदाणी हे तिचे मूळ रूप, असे सांगितले जाते. दिवसभर पहार चालवणाऱ्या माणसाला शेंगदाणे आणि गूळ हे उत्तम अन्न. तीच चिक्की मधुमेह असलेल्या, दात गेलेल्या आजीला नेऊन दिली तर ते प्रेम तिला सोसवणार नाही. अन्न चांगले की वाईट, हे ते कोणासाठी आहे यावर ठरते. ‘यात साखर नाही, फक्त गूळ, खजूर आणि मध आहे’ अशी जाहिरात वाचून अनेक जण निर्धास्त होतात. पण या पदार्थांनीही रक्तातली साखर वाढतेच.

औषधांचे भान तर त्याहून महत्त्वाचे. ‘कमी सोडियमचे मीठ’ आरोग्यदायी म्हणून पेटीत येते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंड दुर्बल असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर तेच मीठ घातक ठरू शकते. रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्या माणसाने हिरव्या पालेभाज्यांच्या भुकट्या एकाएकी सुरू केल्या, तर औषधाचा परिणाम उणावतो. प्रथिनांच्या डब्याचेही तसेच. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून प्रथिने हवीतच. पण मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती, हे वैद्यानेच सांगायचे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आईच्या गोळ्यांची यादी आणि पेटीतल्या पदार्थांची यादी, दोन्ही कुटुंबाच्या डॉक्टरांपुढे ठेवावी. हे पाच मिनिटांचे काम आहे.

वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली की, अनेक पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकली जातात ती त्या सदरातून काढावीत. कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. जो शब्द कायद्याला ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर आपण वर्षानुवर्षे डबे विकत घेत होतो! खरे काय ते मागच्या बारीक अक्षरांत असते. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘नाचणी बिस्किटां’त पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर नाचणी केवळ नावापुरती समजावी.

दुसरी कसोटी प्रमाणाची. एकट्या म्हाताऱ्या माणसाला लागते ते किती? त्यात लोणावळ्याचा पाऊस. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या या पावसात आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, पिठे दमट होतात, सुका मेवा खवट होतो. ‘मुलाने पाठवले आहे, टाकायचे कसे’ म्हणून आई ते खवट झालेलेही खात राहते. आपल्या आया अन्न टाकत नाहीत, हे पाठवणाऱ्याने विसरू नये. म्हणून महिन्याची मोठी पेटी घेण्यापेक्षा पंधरवड्याची लहान बरी. तारीख सहज वाचता यावी, झाकण थरथरत्या बोटांनी उघडता यावे आणि नको वाटल्यास एका फोनवर बंद करता यावे. हप्ते खात्यातून आपोआप वळते होत राहतात आणि बंद करण्याची वाट मात्र सापडत नाही, असा अनुभव पुष्कळांना आहे.

आता प्रश्न असा की आरोग्य दूरच्या गोदामातूनच यायला हवे का? मावळाकडे एकदा डोळे उघडून पाहावे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या संकरातून इंद्रायणी हे वाण सिद्ध झाले आणि १९८७ पासून ते या खोऱ्याचे भूषण ठरले. त्याचा मऊ, सुवासिक भात, वर मेतकूट आणि तुपाचा थेंब, हे दात नसलेल्यालाही रुचणारे अन्न आहे; मधुमेह असेल तर तेवढी मात्रा सांभाळावी. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई होते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; ठिसूळ झालेल्या हाडांना तिचे सत्त्व, आंबील याहून सोपे काय? मुगाचे कढण, फुटाण्याचे पीठ, घरचे ताक यांची जोड दिली की पेटी भरली. शिवाय तो पैसा इथल्याच शेतकऱ्याच्या आणि पापड-पिठे करणाऱ्या भगिनींच्या हाती राहतो. याच तालुक्यात, तळेगावला, १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो माणशी एकेका पैशाच्या वर्गणीतून. लहानशी पण नियमित वर्गणी काय घडवू शकते, हे मावळाला शिकवण्याची गरज नाही. स्वदेशीचे तेच व्रत आपल्या स्वयंपाकघरातूनही चालवता येते.

तिसरी कसोटी भावाची, आणि ती सर्वांत अवघड. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी २००७ साली संसदेला कायदा करावा लागला. त्या कायद्याने पोटगी मिळते. शेजारी बसून ‘आज काय जेवलीस?’ असे विचारणारे माणूस कोणताही कायदा देऊ शकत नाही. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान आहे, ते यासाठीच. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून जेवावे, बोलावे, हा त्यातला साधा आग्रह. मुले दूर असतील तर ती जागा कोणी भरायची? आपल्या वस्तीत एकटे राहणारे ज्येष्ठ किती, त्यांच्या घरी शेवटचे कोण गेले होते, याची नोंद प्रत्येक शाखेच्या कार्यकर्त्यांना असली पाहिजे. पेटी दारात ठेवून निघून जाणाऱ्या मुलाला थांबायला वेळ नसतो. आपल्याला असायला हवा.

तुंगार्लीच्या त्या बाईंची हकीकत अपुरी ठेवणे बरे नव्हे. भगिनींनी मुलाला फोन करून खरे ते सांगितले. तो अंतर्मुख झाला. जुनी पेटी बंद झाली. आधी दंतवैद्याकडे जाऊन कवळी नीट बसवून घेतली गेली. आता दर पंधरा दिवसांनी कामशेतहून इंद्रायणीची कणी, मूगडाळ, नाचणीचे सत्त्व आणि मेतकूट एवढेच येते. शेजारची नववीतली मुलगी रविवारी ते घेऊन जाते आणि बाईंकडे तासभर संस्कृत शिकते. फोनवर मुलगा आता ‘पेटी मिळाली का’ असे विचारीत नाही. ‘आज काय शिजवलेस’ असे विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबतो.

भेट जरूर द्यावी, पण ती देण्यापूर्वी एकदा आईसमोर बसून तिचे जेवण पाहावे. किती चावते, काय बाजूला सारते, कोणत्या घासाला चेहरा खुलतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याची निवड सहसा चुकत नाही. ज्या हाताने आपल्याला पहिला घास भरवला, त्या हाताला आज नेमके काय हवे आहे, हे विचारण्यात कमीपणा कसला?