गाडी डिझेल घेईना



गेल्या हंगामात सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर मोताळा तालुक्यातल्या एका गावी मी घरचे बियाणे कसे राखून ठेवावे हे सांगायला गेलो होतो. बोलणे अर्ध्यावर आले असेल-नसेल, तोच एका भाऊंनी मला हाताला धरून बाजूला नेले. "साहेब, बियान्याचं मंग पाहू. आदी हे गाडी पाहा. पंपावर नेली का डिझेलच घेत नाही. खट् करते अन् बंद पडते. पंपवाला म्हणते टाकी भरली, अन् काटा तं पाववरच हाय!"

माझे शिक्षण शेतीचे, गॅरेजचे नव्हे. पण नोकरीची बरीच वर्षे जुन्या जीपगाड्यांत धूळ खात काढल्यामुळे थोडेफार हात काळे झालेले आहेत. शिवाय भाऊंची अडचण नुसती डिझेलची राहिली नव्हती. पंपावरच्या पोराशी त्यांचे दोनदा भांडण झाले होते. मग त्यांनी पंपाला गाडी लावणेच सोडले आणि कॅनमध्ये डिझेल आणून घरी नरसाळ्याने ओतू लागले. तो कॅन एकदा मालाच्या गाडीतच ठेवला, वाटेत कलंडला, आणि सोयाबीनची दोन पोती डिझेलने भिजली. डिझेलचा वास लागलेला माल कोण घेणार? ती पोती परत घरी आली. त्याच्याही पुढचे म्हणजे, एके दिवशी धाकट्या मुलाने कॅनमधले डिझेल तोंडाने नळीत ओढले आणि ते त्याच्या घशात गेले. पोरगा वाचला, पण चार दिवस दवाखान्यात होता.

हे सगळे कशापायी घडले, ते आता पाहू.

घरातल्या बायामाणसांना हे आधी कळेल. बारीक तोंडाच्या बाटलीत नरसाळे घट्ट बसवून तेल ओतले, तर तेल नरसाळ्यातच थबकून राहते. नरसाळे जरा उचलले की गटकन खाली उतरते. कारण बाटली रिकामी दिसली तरी ती हवेने भरलेली असते, आणि हवा बाहेर पडल्याशिवाय तेल आत शिरत नाही. गाडीची टाकी म्हणजे अशीच एक मोठी बाटली. तिला डिझेल आत जायला एक जाड नळी असते, आणि आतली हवा बाहेर यायला दुसरी बारीक नळी. मेकॅनिक तिला ब्रीदर पाइप म्हणतात. बहुतेक जुन्या गाड्यांत ही बारीक नळी टाकीच्या माथ्यावरून निघून डिझेल भरण्याच्या तोंडाजवळ येते. ती कोंदली की हवा अडकते, डिझेल तोंडापर्यंत चढते आणि उसळून बाहेर येते.

मग नोझल आपोआप बंद का होते? त्याच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. डिझेल वेगाने वाहताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते. पूर्वी घरोघरी डासांसाठी फ्लिटचा पंप असे, त्यात वाऱ्याच्या झोताने औषध वर ओढले जाई. इथे त्याच्या उलट, वाहत्या डिझेलने हवा ओढली जाते. छिद्र डिझेलात बुडाले की हवा मिळत नाही, आत ओढ निर्माण होते आणि तिने खटका पडतो. टाकी भरली आहे की नाही हे नोझलला समजत नाही. डिझेल छिद्रापाशी आले, एवढेच त्याला समजते. म्हणजे पंपावरचा पोरगाही खोटे बोलत नव्हता आणि आपले भाऊही नाही.

तुमच्याकडे असा प्रकार असेल, तर पहिल्यांदा टाकी खरोखर रिकामी आहे का ते पाहा. जुन्या गाडीचा काटा हा फार भरवशाचा साक्षीदार नव्हे. आतला तरंगता गोळा अडकला की भरलेल्या टाकीतही तो पाववरच उभा राहतो. गेल्या वेळी किती लिटर भरले आणि त्यानंतर किती किलोमीटर गाडी चालली, याचा हिशेब मांडा. मग गाडी दुसऱ्या पंपावर न्या. तिथे नीट भरत असेल, तर दोष पहिल्या पंपाच्या नोझलचा असू शकतो. हायवेवरच्या काही पंपांवर ट्रकसाठी जास्त वेगाचे नोझलही असते, ते लहान गाडीला लावू देऊ नका. सगळीकडेच खट् होत असेल, तर दोष गाडीत आहे. त्या दिवसापुरते नोझल दोन बोटे बाहेर ओढून, किंचित तिरपे धरून, अगदी हळू धारेने भरायला सांगा. बहुतेक वेळा निभावते. पण हा उपाय त्या दिवसापुरताच.

भाऊंची गाडी आम्ही सपाट जागी लावली, इंजिन बंद केले, चाकांना दगड लावले आणि खाली वाकून पाहिले. भरण्याच्या तोंडातली जाळी आधी तपासली. तिच्यात पोत्याचे धागे आणि कचरा होता, पण डिझेल अडावे इतका नव्हता. (जाळी अडते म्हणून ती फोडून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांचा कचरा पुढे फिल्टरमध्ये जातो आणि खर्च दुप्पट होतो.) नंतर बारीक नळीवरून हात फिरवला, आणि हात मध्येच थांबला. मूळची रबरी नळी फुटल्यावर भाऊंनी तिथे ठिबकच्या लॅटरलचा तुकडा बसवला होता! शेतात ती लॅटरल गुणाचीच, पण डिझेलसाठी आणि अशा आवळ वळणासाठी ती बनवलेली नाही. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ती मऊ झाली आणि वळणावर मुडपून चपटी झाली. हवेचा रस्ता तिथेच बंद झाला होता.

भाऊ ओशाळले. म्हणाले, "म्हंजे म्याच तिचा गळा आवळला म्हना की."

प्रत्येक गाडीत दोष असा चटकन सापडत नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल नळीच्या तोंडाशी वाळून दगड होतो. पावसाळ्यात गाडी उभी राहिली असेल, तर कुंभारीण माशी उघड्या नळीत मातीचे घर करते. कधी नळी मधेच लोंबते, त्या झोळात डिझेल साचते आणि पाणी भरलेल्या मोरीसारखी हवा अडते. सर्वांत फसवा दोष जुन्या रबराचा. बाहेरून नळी ठणठणीत दिसते, पण आतला पापुद्रा सुटून पडद्यासारखा लोंबतो. एका बाजूने फुंकले तर हवा जाते, दुसऱ्या बाजूने जात नाही. म्हणून नळी दोन्ही टोकांनी सोडवा आणि सायकलच्या पंपाने दोन्ही बाजूंनी हवा मारून पाहा. तोंड लावू नका. टाकीला जोडलेली असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, टाकी फुगून सांधा सुटेल. रबरी नळीत तार खुपसू नका. शंका आली तर सरळ नवी घ्या, दुकानात "डिझेलची नळी" म्हणूनच मागा. जुन्याच मापाची घ्या, झोळ न पडता चढती बसवा आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळा.

नळ्या निर्दोष निघाल्या, तर टाकी उतरवण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. भाऊंना कुणीतरी सल्ला दिला होता की टाकीला वरून भोक पाडून वेल्डिंगने नवी नळी जोडावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची असते. तळाशी राहिलेले थोडेसे डिझेल ज्योतीच्या उष्णतेने वाफ होते, ती वाफ हवेत मिसळते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. नीट धुऊन, वाफ काढून घेण्याची सोय जिथे नाही, तिथे टाकीला आगीजवळ नेऊच नका. आत पाहायला काडी तर कधीच ओढू नका.

आणि त्या मुलाबद्दल. डिझेल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेले तर जास्त वाईट. कुणी चुकून गिळले तर उलटी करवू नका, उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरते. मीठ-पाणीही पाजू नका, तडक दवाखाना गाठा. डिझेल काढायला हाताने दाबायचा पंप मिळतो, तो घ्या.

कधी उलटी तक्रार येते. डिझेल भरले जाते, पण माल भरून राजूर घाट चढताना गाडी दम टाकते, आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालते. अशा वेळी टाकीचे झाकण उघडून कान द्या. फुस्स करून हवा आत शिरली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे असे समजा. डिझेल उडू नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालण्याची खोड पुष्कळांना आहे, तिचाच हा प्रताप. फवारणी पंपाच्या झाकणातले छिद्र बुजल्यावर टाकी आत चेपते, ते तुम्ही पाहिलेच असेल.

पंपावरच्या भांडणाबद्दलही थोडे. खटका पडला म्हणून माप कमी होत नाही, मीटर गेलेले डिझेलच मोजतो. तरीही मनात शंका असेल, तर हुज्जत घालू नका. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले 5 लिटरचे माप ठेवलेले असते, ते मागा आणि डोळ्यांदेखत भरून घ्या. आणि पहिला खटका पडल्यावर "अजून थोडं बसव" असा आग्रह धरू नका. 50 लिटर डिझेल 20 अंशांनी तापले, तर पाऊण लिटरहून थोडे जास्तच फुगते. आपल्याकडच्या वैशाखात पहाटे गच्च भरलेली टाकी दुपारी झाकणातून पाझरते.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवली आणि ज्या पंपावर भांडले होते तिथेच गाडी लावली. सलग 35 लिटर गेले, एकदाही खट् झाले नाही. पंपावरच्या पोराला त्यांनी चहा पाजला. बियाण्याचे बोलणे मात्र तेव्हा राहिलेच, ते आता पुढच्या अंकात.