निरोप कोठें अडला?

‘सर्व्हर डाउन आहे’ हे तीन शब्द आतां आमच्या भागांत इतके रूढ झाले आहेत कीं, ते कानीं पडले म्हणजे पुढें विचार करण्याचें कोणास कारणच उरत नाहीं. सात-बाराचा उतारा निघत नाहीं, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढें सरकत नाहीं, दाखला मिळत नाहीं. सेवा केंद्रांतील मनुष्य हे तीन शब्द ऐकवितो आणि आलेला पालक निमूटपणें घरची वाट धरतो. आमच्या मतें हें उत्तर ‘उत्तर’ या नांवास पात्र नाहीं. पत्र पोंचलें नाहीं असें सांगणाऱ्यास, तें कोठें राहिलें, असें विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तसाच तो येथेंही आहे, आणि हा प्रश्न विचारण्यापुरतें ज्ञान आठवी-नववींतील विद्यार्थ्याच्या आवांक्यांतलें आहे.

जामच्या मुलांच्या दाराशीं हा विषय सन २०२५ मध्यें येऊन ठेपला. तोंपर्यंत अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणें, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरते होते. त्या वर्षीं ते सबंध राज्यास लागू झाले, आणि हिंगणघाटास वा समुद्रपुरास शिकूं इच्छिणाऱ्या मुलासही त्याच एका संकेतस्थळाच्या दारांतून जाणें भाग पडलें. २१ मे रोजीं नोंदणी सुरू व्हावयाची होती. त्या दिवशीं संकेतस्थळच कोलमडलें, आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढें ढकलावी लागली. त्याआधीं १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां दहावीचा निकाल लागला, तेव्हांही निकालाचीं संकेतस्थळें कित्येक तास उघडलीं नाहींत. त्या दुपारीं घरोघर काय अवस्था झाली असेल, तें पालकांस सांगावयास नको.

आतां हा व्यवहार घडतो कसा, तें पाहूं. आपल्या हातांतील फोन हा मागणारा. त्यास क्लायंट म्हणतात. दूर कोठेंतरी बसून मागणी पुरविणारा संगणक तो सर्व्हर. क्लायंट एक मागणी पाठवितो, सर्व्हर एक उत्तर पाठवितो, आणि तो संवाद तेथेंच संपतो. जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें ज्या योजनेचा आरंभ केला, तिचें हें मूळ रूप आजही कायम आहे.

जामच्या चौरस्त्यावरून नागपुरास, हैदराबादेकडे वा चंद्रपुरास माल आणावयास निघालेल्या गाडीचें उदाहरण घ्या. ती रिकामी राहिली याचीं कारणें अनेक असूं शकतात. ती गांवाबाहेर पडलीच नसेल. वाटेंत अडली असेल. पोंचली, पण चिठ्ठीवरील पत्ताच चुकीचा असेल. पत्ता बरोबर, पण गोदामांत गर्दीमुळें कोणी दाद दिली नसेल. किंवा माल भरून दिला आणि गाडी परततांना हरवली असेल. ह्या पांचही प्रसंगीं घरीं बसलेल्यास दिसतें एवढेंच कीं, माल आला नाहीं. संकेतस्थळाचेंही नेमकें हेंच आहे.

म्हणून प्रथम घरापासून आरंभ करावा. दुसरें एखादें संकेतस्थळ उघडतें काय? तेंच संकेतस्थळ शेजाऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर उघडतें काय? फोनची तारीख बरोबर आहे काय? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु सर्व्हरच्या ओळखपत्रास ठराविक मुदत असते, आणि फोनची तारीख चुकली तर तें मुदतीबाहेरचें भासून ब्राउझर धोक्याची सूचना देतो. सर्व्हर बिचारा अशा वेळीं सर्वस्वी निर्दोष असतो!

एवढें पाहून झाल्यावर उत्तराचा क्रमांक पाहावा. सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तीन अंकी संख्या असते. पहिला अंक ४ असला तर मागणींत कांहीं उणें आहे, ५ असला तर उत्तर देणाऱ्याच्या घरीं बिघाड आहे. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर असें पान नाहीं. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाहीं. ५०३ म्हणजे या घटकेस भार पेलवत नाहीं. ५०४ म्हणजे दारावरच्या संगणकानें आंतल्यास विचारलें, पण त्याचें उत्तर वेळेंत आलें नाहीं. मुळीं संख्याच आली नाहीं, तर उत्तर आपल्यापर्यंत पोंचलेंच नाहीं. मोठ्या संगणकावर एफ-१२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ हें सदर उघडलें असतां प्रत्येक मागणी, तिचा क्रमांक आणि लागलेला वेळ ओळीनें दिसतो. मात्र ४ पाहून लगेच मुलावर रागावूं नये. मागणी रचतो तो पानामागचा प्रोग्राम, आणि तो लिहिणाराही चुकतो.

अर्धा अर्ज भरून जेवावयास उठलेल्यांची एक निराळीच तक्रार असते: ‘परत आलों तों सर्व कोरें!’ प्रत्येक संवाद तुटक असल्यामुळें सर्व्हर आपणांस तात्पुरत्या खुणेवरून ओळखतो, आणि त्या खुणेची मुदत संपली म्हणजे आपण त्यास परके होतों. कागदपत्रें आधीं जवळ घेऊन बसणें हाच यावर उपाय.

परंतु सर्वांत घातक प्रसंग परततांना हरवलेल्या गाडीचा. शुल्काचे पैसे खात्यांतून गेले, पावती मात्र आली नाहीं. मागणी पोंचली नाहीं कीं उत्तर हरवलें, हें आपल्या पडद्यावरून कळणें अशक्य असतें. आणि घाबरून पुन्हां कळ दाबली तर कधीं कधीं शुल्क दोनदां कापलें जातें. येथें आम्हीं दोष पालकास देत नाहीं. प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हां आल्यास नवा व्यवहार न करतां जुनीच पावती परत पाठवावी, ही रीत प्रोग्राम लिहिणाऱ्यांस चांगली माहीत आहे. गरिबाच्या पैशाशीं संबंध असलेल्या संकेतस्थळावर ती नसणें हा आळस होय.

कोणी म्हणतील, ही सर्व सरकारची जबाबदारी. मुलांनीं हें कां शिकावें? जबाबदारी सरकारची आहे, यांत शंका नाहीं. राज्यांतील लाखों मुलांस एकाच क्षणीं एकाच दाराशीं बोलावणें हीच मुळांत अविचाराची गोष्ट आहे. निकाल विभागवार वेगवेगळ्या वेळीं दाखविला असतां कोणाचा एक गुणही कमी होणार नाहीं. अकरावीचा प्रवेश तर गुणानुक्रमें मिळतो, आधीं येणाऱ्यास नव्हे. तेव्हां पहिल्याच दिवशीं धांव घेण्याचें पालकांसही कारण नाहीं. पण तक्रार करावयाची तीही नेमकी हवी. ‘साइट चालत नाहीं’ अशा तक्रारीचें कोणी कांहींच करूं शकत नाहीं. त्याऐवजीं मुलानें असें लिहावें: अमुक तारखेस दुपारीं २ वाजून १० मिनिटांनीं, शुल्क भरण्याच्या पानावर, ५०४ हा क्रमांक आला, पैसे कापले गेले, व्यवहार क्रमांक अमुक, पडद्याचें चित्र सोबत जोडलें आहे.