नाचता येईना, की अंगणच वाकडं?

पूल खेळताना सोपा बॉल हुकला की आपण आधी कशाकडे बघतो? हातातल्या क्यूकडे! ‘काठीच बेकार आहे यार.’ मग मोबाईलवर कार्बन फायबरच्या क्यूच्या किमती बघणं सुरू. कळंब असो, मंचर असो की पुणे, हे वाक्य सगळीकडे सारखंच. पण मित्रांनो, काठी बदलली की खरंच खेळ बदलतो का?

थोडा बदलतो, हे आधी मान्य करू. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिचं श्रेय मिंगो नावाच्या फ्रेंच कॅप्टनला दिलं जातं. टिप आणि खडूमुळे बॉलला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. म्हणजे साधनानेच कौशल्याचं दार उघडलं. आजच्या कार्बन शाफ्टने फिरकी देताना पांढरा बॉल रेषेपासून कमी ढळतो, हेही खरं. पण तो किती ढळतो हे ओळखून नेम धरणाऱ्याला साधी लाकडी काठीही पुरते.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा. तेव्हा कार्बन शाफ्टचं नावही नव्हतं. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस लहानपणी काकांच्या पूल हॉलमध्ये राहायचा. हात पुरत नव्हता म्हणून कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर उभं राहून खेळायचा. १९९९ मध्ये तो नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. त्याच्याकडे लहानपणापासून एक गोष्ट मात्र होती: रोज हाताशी असलेलं टेबल.

मुद्दा इथेच आहे. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीचंच बघा. बैल कितीही तयारीचे असू देत, घाटच खड्ड्यांचा असेल तर काय उपयोग? पूलमध्ये टेबल म्हणजे घाट. ते एका बाजूला कललेलं असेल, कापड फाटलेलं असेल, तर महागडी क्यूही हात टेकते. क्यू एकट्याची असते, टेबल सगळ्यांचं. आणि आपण नेमका एकट्याच्या वस्तूवर खर्च करतो.

म्हणून पैसे काढण्याआधी एक करा. एक बॉल अगदी हळू सोडा. दरवेळी एकाच बाजूला वळत असेल तर दोष टेबलाचा. मालकाकडे सगळ्यांनी मिळून तक्रार करा. क्यू टेबलावर लोळवून बघा, उड्या मारत असेल तर ती वाकलेली आहे, दुसरी घ्या. टिप झिजली असेल तर फक्त टिप बदला. मग एकच शॉट ५० वेळा मारा आणि किती गेले ते वहीत लिहा. टेबल सपाट, काठी सरळ, तरी बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे हुकतोय? मग अंगण सरळच आहे, राव. सराव वाढवा. वर्गणी काढायचीच असेल तर एकाच्या क्यूसाठी नको, पाच जणांच्या टेबलाच्या तासांसाठी काढा.